खेळाचा संगणक : काय बदलावे, काय ठेवावे?

तापीकाठच्या सुरत शहरातील कतारगाम एकेकाळी पापडीच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध होते. उंधियूच्या संदर्भात त्या पापडीचे नाव आजही निघते. आता तेथे हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने उभे आहेत. कच्च्या खड्याचे त्रिमितीय चित्र तयार करून तो कोठे कापावा, हे आज संगणक सुचवितो. संगणक ही वस्तू या वस्तीला त्यामुळे नवखी राहिलेली नाही. कारखान्यात हिऱ्याचा हिशेब करणारे हे यंत्र घरी तरुण मुलांच्या खेळाचे साधन झाले आहे.

काही वर्षांनी हा खेळाचा संगणक अडखळू लागतो. मग मुलगा म्हणतो, ‘प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही बदलू या.’ हा खर्च कित्येक घरांत महिन्याचा पगार गिळून टाकतो. त्यात हिऱ्याच्या धंद्याला गेल्या काही वर्षांत मंदीने ग्रासले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा तर रत्नकलाकारांच्या घरी पैशापैशाचा विचार होऊ लागला. अशा वेळी मुलाची मागणी उडवून लावणे जसे योग्य नव्हे, तसे डोळे मिटून मान्य करणेही योग्य नव्हे. ती पारखून घेतली पाहिजे.

पारख करण्यापूर्वी यंत्रातील श्रमविभाग समजून घ्यावा. खेळातील घटनांचा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून चित्र रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्रासाठी दोघांनाही सुमारे १७ सहस्रांश सेकंद मिळतात. दोघांपैकी जो मागे पडेल, त्याच्याच गतीने खेळ चालतो. कारखान्यात एक घंटी संथ असेल, तर तिच्या पुढची घंटी कितीही वेगवान आणली तरी हिरा लवकर तयार होत नाही, तसाच हा प्रकार.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की मागे कोण पडतो? याची परीक्षा फुकट होते. खेळातील चित्राची सूक्ष्मता, म्हणजे रिझोल्यूशन, कमी करून पाहावे. त्याने गती चांगली वाढली, तर भार ग्राफिक्स कार्डावर होता. नवा प्रोसेसर घेऊन फारसे काही साधणार नाही. गती होती तेवढीच राहिली, तर बहुधा प्रोसेसर कमी पडत आहे. येथे एक फसगत संभवते. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्केच दिसला, म्हणून तो मोकळा आहे असे समजू नये. त्याच्या अनेक गाभ्यांपैकी एकच पूर्ण थकलेला असू शकतो.

दोष प्रोसेसरकडे दिसला, तरी लगेच बाजार गाठू नये. सुरतेसारख्या मागांच्या शहरात तूस आणि धूळ पंख्यात अडकते. प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती उतरवितो. पंखा साफ करणे आणि उष्णतावाहक लेप नव्याने लावणे, एवढ्यानेही पुष्कळदा काम भागते. रॅमची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी जोडल्यानेही कित्येक खेळ सुधारतात.

यानंतरही उणीव राहिली, तर दुसरा प्रश्न : जुन्याच मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसेल काय? एएमडी कंपनीची एएम-४ ही बैठक येथे उपयोगी पडते. २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर तिच्यावर आले आणि २०२२ मधील ५८०० एक्स-३डी हा खेळासाठी नावाजलेला प्रोसेसरही तिच्यावरच बसतो. अनेक जुन्या बोर्डांना त्यासाठी फक्त बायोस अद्ययावत करावे लागते. मात्र ते चालू असताना वीज गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. इंटेलने आपली बैठक अधिक वेळा बदलली आहे. तेथे बोर्डाचे नाव पाहून खात्री करणे भाग आहे.

बोर्डही बदलायचा, तर खर्च दोन वस्तूंवर थांबत नाही. एएमडीची २०२२ मधील एएम-५ आणि इंटेलची २०२४ मधील नवी बैठक डीडीआर-५ रॅमच मागते. जुनी डीडीआर-४ तेथे बसत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भावही भडकले. संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना बहुधा जुन्या बोर्डाशी बांधलेला असतो, तोही हिशेबात धरावा.

मग बोर्ड बदलणे केव्हा शहाणपणाचे? परीक्षेत प्रोसेसर कमी पडला, जुन्या बोर्डावर त्याहून चांगला बसत नाही, आणि मुलाचा अभ्यास किंवा एखादे कामही त्याच यंत्रावर चालते, तेव्हा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाहीत. तितक्या जुन्या यंत्राच्या बाबतीत हेही एक सबळ कारण ठरते.

घरच्या मिळकतीतून खर्च करण्यापूर्वी बापलेकांनी एक संध्याकाळ ही परीक्षा मिळून करावी. निर्णय कोणताही होवो, तो हट्टाचा किंवा धाकाचा न राहता समजुतीचा होईल.