चासी एकीची, इंजिन दुसरीचं

जुनी मोटरसायकल विकणारा हमखास सांगतो, ‘गाडी फुल ओरिजिनल आहे.’ तीस-चाळीस वर्षं जिनं दुधाचे कॅन वाहिले, तिघातिघांना शेतावर नेलं, चार मालक आणि सात मेकॅनिक पाहिले, तिच्याबद्दल असं कोणी म्हणालं तर हसून चहा प्यावा आणि गाडीभोवती आणखी एक फेरी मारावी. आपल्याकडे मोटरसायकल जपायला नाही, वापरायला घेतली जायची. मडगार्ड सडलं की बाजारात मिळेल ते बसवलं, कार्बोरेटर दाद देईना तेव्हा दुसऱ्या कंपनीचा लावला, इंजिन बसलं तर भंगारातलं उचललं. त्यामुळे आज हाती येणारी जावा, बुलेट किंवा राजदूत म्हणजे बहुधा चार गाड्यांची गोधडी असते. यात लबाडी थोडी आणि गरज फार.

अशा गाडीची जात ठरते ती चासीवरून. टाकी, हेडलाइट, सीट, चाकं सगळं बदलता येतं. कागदोपत्री गाडी म्हणजे चासी. तिचा नंबर बहुतेक जुन्या गाड्यांत हँडलच्या मानेवर ठोकलेला असतो आणि इंजिनाचा क्रँककेसवर. वरचा रंग पेंट रिमूव्हरनं काढावा, ग्राइंडर लावू नये. ठोकलेल्या आकड्यांच्या आसपासचा पत्रा घासून सपाट केलेला दिसला, एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या वळणाचा निघाला किंवा आरसी बुकाशी नंबर जुळला नाही, तर भाव कितीही पाडून मिळो, तिथून निघावं.

मात्र इंजिन आणि चासी यांचे आकडे वेगळे दिसले म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. बीएसए या इंग्लिश कंपनीच्या गाड्यांत कित्येक वर्षं दोन्ही नंबरांच्या मालिकाच स्वतंत्र होत्या. तिथे ‘मॅचिंग नंबर’ची अट घालणारा गिऱ्हाईकच अडाणी ठरतो. पुढे ट्रायम्फ आणि बीएसएनं १९६९च्या हंगामापासून नंबराआधी महिना आणि वर्ष सांगणारी दोन अक्षरं ठोकायला सुरुवात केली. त्यातही खोच आहे. ‘डी’ म्हणजे १९७०चा हंगाम. पण हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होई, म्हणून ‘एन’ आणि ‘डी’ अशी अक्षरं असलेली गाडी प्रत्यक्षात ऑक्टोबर १९६९ची. या दोन्ही कंपन्यांच्या कारखान्यातून गाड्या कधी, कुठे रवाना झाल्या याच्या नोंदवह्या इंग्लंडमधल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबानं सांभाळल्या आहेत. आपली भिस्त आरसी बुकावर, आणि ते बहुधा उंदरांनी कुरतडलेलं.

आपल्या रस्त्यांवरची खरी कोडी देशी गाड्यांनीच घातली. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा २५० बाहेर पडू लागली. सुरुवातीच्या गाड्यांत चेकोस्लोव्हाकियाहून आलेले भाग सर्रास. ‘पाल’ छापाची इलेक्ट्रिकल, ‘यिकोव्ह’चा कार्बोरेटर अशा खुणा आजही सापडतात. मग गाडी येझदी झाली, १९७८ला रोडकिंग आली आणि १९९६ला कारखाना बंद पडला. एवढ्या काळात इंजिनाचं मूळ माप, ६५ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक, तेच राहिलं. म्हणूनच रोडकिंगचं इंजिन पोटात घेतलेली जुनी जावा सापडते. गिअरचा आणि किकचा दांडा एकच असण्याची खासियत दोन्हींत असल्यानं नवखा फसतो. त्यानं चाकांकडे पाहावं. जुन्या जावाची चाकं १६ इंची, रोडकिंगची १८. मोठी चाकं बसवलेल्या जावाचं मडगार्ड आखूड बाहीच्या सदऱ्यासारखं दिसू लागतं.

बुलेटमध्ये उलटी अडचण. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या या गाडीचं ७० बाय ९० मिलिमीटरचं ३५० सीसी इंजिन इतकी दशकं इतकं कमी बदललं की कुठल्याही दशकाचा भाग कुठल्याही गाडीवर चढतो. तो चढला म्हणजे त्या सालचा आहे, असा अर्थ काढू नये. राजदूत ३५०ची गोष्ट आणखी चविष्ट. यामाहा आरडी ३५०ची ही भारतीय आवृत्ती १९८३ला आली, पुढच्या डिस्कऐवजी ड्रम ब्रेक घेऊन. पहिली ‘हाय टॉर्क’, ३०.५ अश्वशक्तीची, नंतरची ‘लो टॉर्क’, २७ची. आज हाय टॉर्कला भाव, त्यामुळे लो टॉर्कच्या अंगावर हाय टॉर्कचे स्टिकर चढतात. खरं-खोटं सिलिंडरच्या पोर्टांच्या मापात आणि सायलेन्सरच्या आत असतं, स्टिकरवर नाही.

आता थोडं आट्यांविषयी, कारण गाड्यांचा सर्वाधिक सत्यानाश तिथेच झालाय. जुन्या इंग्लिश गाड्यांचे बरेच आटे ‘सायकल थ्रेड’चे, इंचाला २६. पाच-षोडशांश इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा भरतो आणि मेट्रिक बोल्ट ८ मिलिमीटरचा. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण मेट्रिकचा एक आटा १.२५ मिलिमीटरचा आणि सायकल थ्रेडचा एका मिलिमीटरहूनही कमी. मेट्रिक बोल्ट एक-दोन फेरे बिनतक्रार जातो, मग अडतो; मेकॅनिक पान्याला पाइप लावून जोर करतो आणि क्रँककेसच्या अॅल्युमिनियमची भुकटी होते. पिच गेज नावाचं आट्यांचं माप अगदी स्वस्तात मिळतं. ते विकत न घेणाऱ्यानं जुन्या इंग्लिश गाडीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गायब भाग शोधण्याआधी गाडी खोलू नये. तिचे आहे त्या स्थितीत सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, वायरचे रंग लिहून ठेवावेत. चासीवरचे रिकामे कान, वेल्ड केलेले तुकडे आणि बुजवलेली भोकं सांगतात की इथे साइडकार होती, इथे टूलबॉक्स होता. मूळ रंग टाकीच्या खालच्या अंगाला किंवा बिल्ल्यामागे सापडतो. मग त्या मॉडेलचं पार्ट्सबुक मिळवावं. ते हाती नसताना पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात गेलेला माणूस पिशवीभर लोखंड घेऊन घरी येतो, आणि त्यातलं निम्मं दुसऱ्याच गाडीचं असतं. नाना पेठेतला दुकानदारही तुम्ही पार्ट नंबर सांगितलात की वेगळ्या नजरेनं बघतो.

इंजिन खोलल्यावर पिस्टनचा माथा आधी पुसा. त्यावर ०.५० किंवा ०.७५ असा आकडा दिसला तर सिलिंडर आधी किती बोअर झालाय ते कळतं. बहुधा १.००पुढे वाट संपते; मग नवी स्लीव्ह ठोकायची. टू-स्ट्रोक गाडीत क्रँकचे ऑइल सील न बदलता रंगावर पैसे उडवणारे पुष्कळ. क्लचकडचं सील गेलं की गिअर ऑइल जळून पांढरा धूर. मॅग्नेटकडचं गेलं की इंजिन हवा खेचतं, मिश्रण पातळ होतं आणि नवाकोरा पिस्टन धरतो.

आपल्या या जोडाजोडीची कीर्ती परदेशातही पोचली आहे. दुसऱ्या महायुद्धात बीएसएनं एम२० ही ४९६ सीसीची गाडी सव्वा लाखाच्या घरात बनवली. त्यांतल्या इथे राहिलेल्या गाड्या पुढे दिल्लीकडे रंगरंगोटी होऊन इंग्लंडात परत गेल्या. आत तीन गाड्यांचे भाग आणि नव्यानं ठोकलेले नंबर निघाल्यावर तिथला खरेदीदार भारतातून आलेली गाडी म्हटली की कपाळाला आठ्या घालू लागला. ही बदनामी आपण कमावलेली आहे.

कायद्याचंही भान हवं. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. शिवाय ती रोजच्या वापरासाठी नाही. म्हणजे नाक्यावर भाजी आणायला गाडी काढणाऱ्याला या नंबराचा उपयोग नाही.

माझा कौल वापराच्या गाडीच्या बाजूनं आहे. कारखान्यातून निघाली तशी चकचकीत करण्याच्या हट्टापायी चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या लेथवाल्यानं नीट बनवून दिलेला ब्रेक लिव्हर फेकू नये. तो चांगलं काम देत असेल तर राहू द्यावा आणि वहीत नोंद करावी. बदललेल्या इंजिनाची नोंद मात्र आरटीओत करून घ्यावी, आणि गाडी विकताना ती वही गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. कागद नसलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.