खिडकीच्या फटीतला पिवळा फोम: बारशापासून तेराव्यापर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी ही या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना अडखळलो ते गाळलंय आणि आकडे पुन्हा तपासून घेतलेत.

तर झालं असं. गेल्या मे महिन्यात आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या जुन्या लाकडी खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या बसवल्या. नवी चौकट आणि भिंत यांच्यात बोटभर फट राहिली. मला वाटलं, आता घमेल्यात माल कालवणार. पण फिटर दादांनी पिशवीतून एक कॅन काढला. "साहेब, सिमेंट कशाला? फोम मारतो, दहा मिनिटांत काम." फुस्स आवाज झाला आणि पिवळसर फेस फुगत फुगत फटीबाहेर आला.

माझे बाबा दम्याचे पेशंट. ते शेजारच्या खोलीत झोपले होते. आईनं नाकाला पदर लावून विचारलं, "अरे, ह्यानं काही होत नाही ना?"

मी म्हणालो, "काही नाही गं. फोमच तर आहे."

मी बीटेक आहे खरा, पण कॉम्प्युटरमध्ये. त्या कॅनमध्ये काय आहे याचा मला काडीचा पत्ता नव्हता. फिटर दादांच्या हाताखालचा पोरगा, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, उघड्या हातांनी जास्तीचा फोम पुसत होता आणि मधूनच खोकत होता. रात्री रिकामा कॅन उचलला आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये मागचा बारीक मजकूर वाचला. पहिलाच शब्द होता आयसोसायनेट. मग काय, झोप उडाली.

कॅनच्या आत काय असतं?

पॉलियुरेथेन हे प्लास्टिक जर्मनीत १९३७ साली ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. दोन गोष्टींची गाठ घातली की ते बनतं: एक पॉलिओल आणि दुसरं आयसोसायनेट. बांधकामाच्या कॅनमध्ये बहुतेक वेळा एमडीआय नावाचं आयसोसायनेट असतं. कारखान्यातच या दोघांचं अर्धं लग्न लावलेलं असतं, म्हणजे काही टोकं मुद्दाम मोकळी ठेवतात. सोबत दाबाखाली द्रव केलेला गॅस भरतात.

तुम्ही नोझल दाबलं की गॅस उकळतो आणि मिश्रण फुगतं. मग हवेतली ओल त्या मोकळ्या टोकांना भेटते, थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फोम कडक होतो. म्हणूनच चांगला फिटर आधी फटीत पाण्याचा फवारा मारतो.

आता एमडीआयची वंशावळ बघा. कच्च्या तेलापासून बेंझिन. त्याचं नायट्रोबेंझिन, त्याचं ॲनिलिन. ॲनिलिनची फॉर्माल्डिहाइडशी गाठ, आणि शेवटी फॉस्जिनशी. हा फॉस्जिन म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. तो क्लोरीन आणि कार्बन मोनॉक्साइडपासून बनतो. क्लोरीनसाठी मिठाच्या पाण्यातून वीज सोडावी लागते आणि ती भरपूर लागते. फॉस्जिन कारखान्यातच वापरून संपतो, कॅनमध्ये येत नाही. पण त्याची जोखीम कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांच्या वाट्याला येतेच.

इथे कुणीतरी विचारणारच: भोपाळ? हो, डिसेंबर १९८४ मध्ये तिथे सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, याच घराण्यातला. पण तो झटकन वाफ होणारा. एमडीआय साध्या तापमानाला फार कमी उडतो. आडनाव एक, स्वभाव वेगळा. म्हणून घाबरून जायचं कारण नाही, आणि निर्धास्त राहायचंही नाही.

किलोला किलो मोजलं तर फसाल

एखाद्या वस्तूचा पर्यावरणावरचा परिणाम कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत मोजायची एक ठरलेली पद्धत आहे, जीवनचक्र मूल्यांकन. आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही त्याची मानकं. मी त्याला बारशापासून तेराव्यापर्यंतचा हिशोब म्हणतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची कल्पना म्हणजे फंक्शनल युनिट. कोडिंगवाल्यांना पटकन कळेल. दोन अल्गोरिदमची तुलना करताना दोघांना एकच काम द्यावं लागतं. इथेही तसंच. प्रश्न "एक किलो फोम की एक किलो सिमेंटचा माल" असा नसतो. प्रश्न असतो, "एक चौरस मीटर भिंत जोडायला काय किती लागतं?"

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात तयार झालेल्या आयसीई डेटाबेसच्या एका आवृत्तीत कडक पॉलियुरेथेन फोमला किलोमागे ४.२६ किलो कार्बन डायऑक्साइड इतका भार धरलाय. सिमेंट-वाळूच्या मालाला प्रमाणानुसार साधारण ०.१५ ते ०.२ किलो. म्हणजे किलोला किलो फोम वीसपटीहून वाईट! इथेच थांबलात तर निकाल लागला.

पण थांबू नका. युरोपात वीनरबर्गर ही ऑस्ट्रियन कंपनी घासून सपाट केलेल्या विटा फोमनं चिकटवायची पद्धत विकते. त्यात एका कॅनमध्ये साधारण ५ चौरस मीटर भिंत होते. कॅनमध्ये ८५० ग्रॅम माल धरला, तर एका चौरस मीटरला १७० ग्रॅम. गुणाकार करा: सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड.

आता सिमेंट. २०० मिलिमीटर जाड भिंत, तेवढ्याच उंचीचे ब्लॉक आणि १२ मिलिमीटरचे सांधे धरले, तर एका चौरस मीटरला माझ्या हिशोबानं १५-१६ लिटर माल लागतो. वजनात २८ किलोच्या आसपास. म्हणजे ४.२ ते ५.६ किलो कार्बन डायऑक्साइड. डाव उलटला! हा ढोबळ हिशोब आहे, पण फरक कितीतरी पट आहे.

एक मेख मात्र आहे. फोमचा थर अगदी पातळ असतो, त्यामुळे वीट मिलिमीटरच्या हिशोबात सपाट लागते. ती घासायला लागणारी वीजही याच खात्यात मांडायला हवी. आपल्या भट्टीतली वेडीवाकडी लाल वीट घेऊन हा प्रयोग करू नका, रद्दा बसणार नाही.

खरा खलनायक: तो फुस्स आवाज

हा भाग मला सगळ्यात जास्त हादरवून गेला. फोम फुगवणारा गॅस.

पूर्वी फोमच्या उद्योगात सीएफसी-११ वापरायचे. तो ओझोनचा थर खातो आणि शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ४७५० पट तापवतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानं त्याला घरचा रस्ता दाखवला. मग एचसीएफसी-१४१बी आला. भारतानं १ जानेवारी २०२० पासून तोही बंद केला. फवाऱ्याच्या कॅनमध्ये बरीच वर्षं एचएफसी-१३४ए असायचा. हा ओझोनला हात लावत नाही, पण तापवतो १४३० पट.

समजा, एका कॅनमध्ये याचा १०० ग्रॅम गॅस आहे. १०० ग्रॅम गुणिले १४३० म्हणजे १४३ किलो कार्बन डायऑक्साइड. पाच चौरस मीटरवर वाटला तरी प्रत्येकी २८ किलोच्या वर. आत्ता आपण ०.७ किलो म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या! सगळी बचत एका फुस्समध्ये गेली.

युरोपियन युनियननं ४ जुलै २००८ पासून अशा कॅनमध्ये १५० पटींपेक्षा जास्त तापवणारे फ्लोरिनयुक्त गॅस वापरायला बंदी घातली, सुरक्षेचे काही अपवाद सोडून. आता प्रोपेन, ब्युटेन, डायमिथाइल ईथर असे गॅस सर्रास वापरतात. ते वातावरण फारसं तापवत नाहीत, पण ज्वालाग्राही आहेत. म्हणजे फोम मारताना शेजारी गॅस चालू नको, विडी नको, वेल्डिंग तर नकोच.

आणि कायदा झाला म्हणजे प्रश्न संपला असंही नाही. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांना दिसलं की बंदी असलेला सीएफसी-११ हवेत पुन्हा जास्त सुटतोय. पुढच्या वर्षी त्यातल्या मोठ्या भागाचा माग पूर्व चीनपर्यंत लागला आणि संशय फोमच्या कारखान्यांवर गेला. गवगवा झाल्यावर तो खाली आला. हवेत मोजणारे लोक होते म्हणून चोरी सापडली.

त्या पोराचा खोकला

कार्बनच्या तक्त्यात एक गोष्ट नीट मावत नाही, ती म्हणजे माणूस. आयसोसायनेट कामगारांमध्ये दमा निर्माण करू शकतं. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की नंतर अगदी थोड्या मात्रेनंही त्रास होतो. वाफ, फवारा आणि कातडीला लागणं, सगळंच मोजायचं. युरोपियन युनियनमध्ये २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्यापेक्षा जास्त डायआयसोसायनेट असलेला माल कामावर वापरायचा तर आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. आमच्याकडे तो पोरगा उघड्या हातांनी फोम पुसत होता.

तो खोकला फोममुळेच होता असं मी म्हणणार नाही, धूळही होती. पण हातमोजे नव्हते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसलो.

फोम पूर्ण कडक झाला की रासायनिक क्रिया जवळजवळ संपते. धोका मुख्यतः मारताना आणि सुकताना असतो. आग लागली तर मात्र त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात.

वापर आणि शेवट

फोम फट बंद करतो आणि उष्णता अडवतो, त्यामुळे एसी कमी चालतो. जर्मनीत सहा महिने हीटर लावणाऱ्या घरात हा फायदा मोठा. आमच्याकडे वर्षातले बरेच महिने पंख्यावर निघतात, त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. शिवाय ऊन हा फोमचा वैरी. उघडा ठेवला तर तपकिरी होतो आणि भुगा होऊन पडतो. वरून गिलावा किंवा सीलंट हवाच. दर काही वर्षांनी परत फोम मारावा लागला तर हिशोब पुन्हा बिघडला.

आणि शेवट? तूप वितळतं, परत थिजतं. भाकरी एकदा भाजली की तिचं पीठ होत नाही. हा फोम भाकरीच्या जातीचा, वितळवून पुन्हा वापरता येत नाही. जुन्या वाड्यांमधल्या चुन्यात बांधलेल्या विटा सोडवून, साफ करून पुन्हा लावता येतात. फोमनं चिकटवलेल्या विटेवर प्लास्टिक राहतं आणि सगळं मिळून राडारोडा होतो.

कॅनचं तर वेगळंच. जर्मनीत वापरलेले फोमचे कॅन वेगळे गोळा करून त्यातला माल आणि धातू परत मिळवतात. पुण्यात आमचा कचरा 'स्वच्छ' संस्थेच्या ताई हातानं वेगळा करतात. अर्धा भरलेला, दाबाखालचा, आयसोसायनेटचा कॅन मी सुक्या कचऱ्यात टाकला, तर तो थेट त्यांच्या हातात जाणार.

मग आम्ही काय केलं?

दुसऱ्या दिवशी दोन खिडक्या बाकी होत्या. बाबांना आत्याकडे पाठवलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून नायट्राइलचे हातमोजे, गॉगल आणि मास्क आणले. मास्क धुळीपुरता, वाफेवर तो पुरेसा नाही, म्हणून दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. फिटर दादा हसले, "साहेब, पंधरा वर्षं करतोय." पण पोरानं हातमोजे घातले, आणि जाताना मागूनही घेतले.

खालच्या रुंद फटीत आम्ही सिमेंटचा माल भरला. अरुंद फटींत फोम, तोही मोजून, कारण बाहेर आलेला प्रत्येक गोळा कापून कचऱ्यातच जातो. चौकटीचा भार स्क्रूवर, फोमवर नाही. उरलेला अर्धा कॅन एसीच्या पाइपच्या भोकात संपवला. रिकामा कॅन रंगाच्या डब्यांसारखा घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा बांधला, वर मार्करनं लिहिलं आणि ताईंच्या हातात देताना सांगितलं.

पुढच्या वेळी तुमच्या घरी कुणी फोमचा कॅन काढला, तर तीन गोष्टी विचारा: गॅस कुठला, फट केवढी, आणि हातमोजे कुठेत?

संध्याकाळी आईला म्हटलं, "काल मी चुकीचं सांगितलं. होतं काहीतरी. पण सांभाळून केलं तर कमी होतं."

ती म्हणाली, "मग कालच वाचायचं होतंस ना ते डब्यावरचं."

बरोबर आहे तिचं. भेटूया पुढच्या भागात.