पुढचा एक दात, मागचे तीन

एक सायकल आणि एक मोटारसायकल शेजारीशेजारी उभी करून पाहावी. सायकलला पायाशी मोठे दातेरी चाक असते आणि मागे लहान. मोटारसायकलचे नेमके उलटे: इंजिनपाशी मुठीत मावेल एवढे चाक आणि मागे ताटलीएवढे. साखळी दोन्हीकडे तीच, काम दोन्हीकडे तेच. मग ही उलटापालट का? ही एक गोष्ट उमगली की गिअरचे बहुतेक कोडे सुटते, म्हणून आम्ही तिथूनच आरंभ करतो.

माणसाचा पाय मिनिटाला साठएक फेरे मारतो. तो बळकट आहे पण संथ आहे. म्हणून सायकलला फेरे वाढवून घ्यावे लागतात. इंजिन अगदी उलट स्वभावाचे. जोरात असताना ते मिनिटाला सहा हजार फेरे घेते, पण एकेका फेऱ्यात त्याचा जोर थोडा. ताशी साठ किलोमीटर जाणाऱ्या साध्या गाडीचे मागचे चाक मिनिटाला सवापाचशेच्या आसपासच फिरते. तेव्हा इंजिनाचे फेरे कमी करावयाचे, आणि जितक्या पटीने ते कमी होतील तितक्या पटीने ओढण्याचे बळ वाढवून घ्यावयाचे, हा सगळा व्यवहार आहे. व्यवहार हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. शंभर सी.सी.च्या गाडीचे इंजिन आठएक अश्वशक्तीचे असते; कोणतेही दातेरी चाक त्याची नऊ करून देत नाही. वेग द्यावा आणि ओढ घ्यावी, किंवा ओढ द्यावी आणि वेग घ्यावा. वर थोडी दलाली घर्षण खाते ती वेगळीच.

फेरे तीन ठिकाणी उतरतात: इंजिनापासून क्लचपर्यंत, मग गिअरच्या पेटीत, आणि शेवटी साखळीवर. समजा पहिल्या ठिकाणी साडेतीन पट उतरले. टॉप गिअरमध्ये पेटीत काहीच फरक पडला नाही. पुढच्या चाकाला 14 दाते आणि मागच्याला 42, म्हणजे तीन पट. एकूण साडेदहा पट. इंजिन 6000 फिरले तर मागचे चाक 571 फिरेल. त्याचा घेर 1.9 मीटर धरला तर वेग ताशी 65 किलोमीटर येतो. पहिल्या गिअरमध्ये पेटीने आणखी तीन पट उतरवले तर वेग बाविसाच्या आतबाहेर, पण ओढ तिप्पट. घाटात आपण गिअर उतरवतो तेव्हा हेच करतो.

पेटीतले दाते आपल्या हाती नसतात. साखळीची दोन चाके मात्र शंभर पावलांवरच्या गॅरेजात बदलून मिळतात, आणि घोटाळा तिथेच होतो. संघटनेच्या कामात आमच्याकडे दूधवाले येतात, गॅसची सिलिंडरे पोचवणारे येतात, घरपोच जेवण नेणारी तरुण मुले येतात. यांतल्या एका दूधवाल्याला कुणीसे सांगितले, ‘पुढे एक दात वाढवा, अॅव्हरेज वाढेल.’ सांगणारा अगदीच खोटे बोलत नव्हता. सपाट रस्त्यावर एकटा माणूस एका चालीने जात असेल तर इंजिन थोडे संथ फिरते आणि पेट्रोल थोडे वाचू शकते. पण या माणसाच्या गाडीला दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, वाट चढाची, आणि दर चार घरांपाशी थांबणे. पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये निघणारा चढ आता दुसऱ्यात, तोही हाफ क्लचवर. पेट्रोल वाचले नाहीच; क्लचप्लेटी मात्र जळाल्या. माल दुसऱ्याचा आणि क्लचप्लेटी आपल्या, हा हिशेब त्या मुलांनाही लागू आहे. त्यावर पुन्हा केव्हातरी बोलू.

पुढचा एक दात दिसतो लहान, पण तो चौदातला एक आहे; मागचा बेचाळिसातला एक. 14 चे 15 केले की तीन पटीचे 2.8 होते, म्हणजे जवळजवळ सात टक्के ओढ गेली. उलट मागे 42 चे 45 केले तर तेवढीच ओढ वाढते. पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन, एवढे तोंडपाठ ठेवावे. ओझेवाल्याने बदलायचेच असेल तर मागे एकदोन दाते वाढवून पाहावे. साखळी पुरते की नाही हे आधी मोजावे. वेग थोडा घटेल, इंजिन थोडे जास्त ओरडेल. काही गाड्यांत वेगाचा काटा पुढच्या चाकावरून चालतो, त्याला या बदलाची खबरही लागत नाही. ज्यांत तो पेटीच्या बाजूने चालतो तिथे मात्र तो चुकीचा आकडा दाखवू लागतो.

आता साखळी. हान्स रेनॉल्ड यांनी 1880 साली मँचेस्टरला रोलरची जी साखळी काढली तिचीच ही वंशज. ‘साखळी वाढली’ असे आपण म्हणतो. पण लोखंड रबरासारखे ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची नळी झिजते, आणि केसाएवढी झीज शंभरावर कड्यांत साठते. अर्ध्या इंची साखळीच्या वीस कड्या नवेपणी 254 मिलीमीटर भरतात. काही कंपन्या 259 ला ती बाद ठरवतात. आपल्या गाडीची मर्यादा तिच्या पुस्तकात पाहावी. वाढलेली साखळी दातांच्या बुडाशी बसत नाही, वर चढते आणि दाते आकड्यासारखे वाकडे करते. अशा दातांवर नवी साखळी घातली की तीही लवकर जाते, म्हणून तिन्ही वस्तू एकदमच बदलाव्या. यात दुकानदाराचा फायदा आहे हे खरे, तरी सल्ला बरोबर आहे.

ताण मात्र फार ठेवू नये. ओझे चढले की मागचे चाक वर सरकते आणि साखळी आणखी ताठ होते. झीज सगळीकडे सारखी नसते. म्हणून चाक हाताने सावकाश फिरवावे, साखळी जिथे सर्वांत ताठ लागेल तिथे थांबावे, आणि पुस्तकात सांगितलेला ढिलेपणा त्या ठिकाणी मोजावा.