माइन्त्सच्या चर्चमधील निळा प्रकाश

जर्मनीतील माइन्त्स येथील सेंट स्टेफान या कॅथलिक पॅरिश चर्चची मूळ स्थापना ९९० सालची. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात ही वास्तू उद्ध्वस्त झाली. पुनर्बांधणीनंतर, १९७३ साली, तेथील धर्मगुरू क्लाउस मायर यांनी चित्रकार मार्क शागाल यांना पत्र लिहून खिडक्यांसाठी साकडे घातले.

मागणी धाडसाची होती. शागाल ज्यू होते. १९३७ साली नाझींनी त्यांची चित्रे म्युनिकमध्ये ‘अधःपतित कला’ म्हणून टांगली होती, आणि १९४१ साली त्यांना फ्रान्समधून अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला होता. तरीही अखेर ते राजी झाले. पहिली खिडकी १९७८ साली बसली, तेव्हा त्यांचे वय होते ९१! अब्राहाम, मोशे, दावीद हे ज्यू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही परंपरांचे पूर्वज तेथे निळाईत तरंगताना दिसतात. विषयांची ही निवड हेच त्यांचे उत्तर म्हणावे लागेल.

या निळाईत काच-कारागीर चार्ल्स मार्क यांचाही वाटा आहे. फिक्या काचेवर गडद रंगाचा पातळ थर असलेली काच घेऊन तो थर आम्लाने हवा तेवढा विरवला जाई. त्यामुळे एकाच तुकड्यात अनेक छटा उमटत आणि शिशाच्या पट्ट्यांचे जाळे चित्राच्या आड येत नसे.

नऊ खिडक्या पूर्ण करून १९८५ साली शागाल निवर्तले. उरलेल्या खिडक्या मार्क यांनी केल्या. अधिक फिक्या निळ्या आणि आकृतींविना.