आधी टाकी भरा

मंगळावरची पहिली वस्ती म्हटलं की चित्रात काचेचे घुमट असतात आणि आत हिरवीगार भाजी. आराखडे आखणाऱ्यांना मात्र वेगळाच घोर आहे : परत यायचं कसं?

चौघा अंतराळवीरांना तिथे वर्षभर श्वासाला साधारण १ टन ऑक्सिजन पुरतो. त्याच चौघांना घेऊन रॉकेट मंगळावरून उडवायचं, तर ७ टन इंधन आणि ते जाळायला २५ टन ऑक्सिजन! एवढं ओझं पृथ्वीवरून कोण वाहणार? ऑक्सिजन तिथेच तयार करायचा. कच्चा माल फुकट आहे. मंगळाची हवा विरळ, पण तिच्यात ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच.

हे जमतं, हे ‘पर्सिव्हिअरन्स’ रोव्हरच्या पोटातल्या ‘मॉक्सी’ या पेटीने दाखवलं. धूळ गाळून हवा आत ओढायची, पंपाने दाबायची, ८०० अंश सेल्सिअसला तापवायची आणि वीज देऊन तिच्यातला ऑक्सिजन सुटा करायचा. पेटीला सोन्याचा मुलामा होता, पण दिमाखासाठी नव्हे. आतल्या धगीने शेजारची यंत्रं भाजू नयेत म्हणून. २० एप्रिल २०२१ च्या पहिल्या खेपेत जेमतेम ५.४ ग्रॅम निघाला. २०२३ पर्यंत १६ खेपांत मिळून १२२ ग्रॅम. सगळ्यात चांगला वेग तासाला १२ ग्रॅम.

या वेगाने २५ टन कधी होतील? मी हिशेब मांडला : सुमारे २३८ वर्षं. सवाई माधवरावांच्या काळात बटण दाबलं असतं, तर टाकी आत्ता कुठे भरत आली असती.

तासाला २ किलो देणारं यंत्र केलं, तर काम १७ महिन्यांवर येतं. पृथ्वीवरून मंगळाकडे निघायला सोयीची वेळ दर २६ महिन्यांनी येते, म्हणजे यंत्राला एक खेप आधी धाडायचं. पण ते अखंड चालवायला वीज हवी. मॉक्सीलाच ३०० वॉट लागत, रोव्हरची अणुबॅटरी द्यायची जेमतेम ११०. त्यामुळे ती चालायची त्या दिवशी रोव्हरची बाकीची कामं बाजूला ठेवावी लागत. सौरऊर्जेचा भरवसा नाही. जून २०१८ च्या धुळीच्या वादळात ‘ऑपॉर्च्युनिटी’ रोव्हर मुका झाला तो कायमचाच. मला तरी छोटी अणुभट्टीच बरी वाटते.

शिवाय ऑक्सिजन उणे १८३ अंशांखाली गार करून द्रवरूपात सांभाळायचा. गाळणी तुंबली तर झटकायला तिथे कोणी नाही, आणि इथून दिलेला हुकूम पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. टाकी भरल्याचा निरोप आला, की मग चौघांनी इथे बॅगा भरायला घ्यायच्या.