वाण्याची यादी

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी एंगेलचा नियम शिकविला, तेव्हा वर्गात कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेला हा नियम अगदी साधा आहे. कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. मला मात्र तो ऐकताना आमच्या घरातली वाण्याच्या हिशेबाची वही आठवली. आई ती गेली कित्येक वर्षे ठेवीत आली आहे. पण अन्नावरचा खर्च कमी करायची वेळ आली की घर नेमके काय कमी करते, हे एंगेलच्या नियमात नाही. ते त्या वहीत आहे.

२०२० च्या टाळेबंदीत वडील ज्या कारखान्यात कामाला होते तेथील पगार तीन महिने आला नाही. घरात आम्ही पाच माणसे. आजी, आईवडील, मी आणि धाकटा भाऊ. त्या काळातील पाने मी अलीकडे पुन्हा चाळली. मार्चमध्ये ‘डाळी ४ किलो’ अशी नोंद आहे. मेमध्ये ती २ किलोवर आली आहे. शेंगदाणे तर यादीतून नाहीसेच झाले. उलट बिस्किटांचे पुडे, चहाची पावडर आणि साखर यांचे आकडे जसेच्या तसे! कारण उघड आहे. आमटी पातळ केली तर कोणी तक्रार करीत नाही, पण चहाबरोबरचे बिस्कीट बंद केले तर घरात कुरकूर होते. जूनच्या अखेरीस आई ओट्यापाशीच चक्कर येऊन पडली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठच्याही खाली गेलेले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, “बाई, जेवता काय?” आई म्हणाली, “सगळ्यांसारखेच.” ते खरे नव्हते.

म्हणजे आम्ही काटकसर केली, पण ती चुकीच्या ओळीवर केली. मग बरोबर ओळ कोणती? यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. कलाशाखेच्या वाचकांनी घाबरून जाऊ नये; भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी साठ-सत्तरच्या दशकांत एक महत्त्वाचा विचार मांडला होता. आपल्याकडील प्रथिनांची उणीव ही बव्हंशी पुरेसे अन्नच न मिळाल्यामुळे निर्माण होते, असे त्यांचे म्हणणे होते. पोट अर्धे रिकामे असले तर शरीर खाल्लेली प्रथिनेसुद्धा सरपणासारखी जाळून टाकते. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे भाकरी-चपाती-भात पोटभर हवा. त्यात कपात करून डबाबंद ‘पौष्टिक’ भुकट्या आणणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी होय.

आता साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठातून, म्हणजे चार भाकऱ्यांतून, सुमारे ३० ग्रॅम मिळतात. साठ ग्रॅम डाळ-कडधान्यातून तेरा आणि मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, शेंगदाण्यांतून सात-साडेसात. झाले पन्नास! शिवाय धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो कमी असतो तो धान्यात असतो. वरण-भात, भाकरी-पिठले, खिचडी ही जोडपी आपल्या आज्या-पणज्यांनी रसायनशास्त्र न शिकता जुळविली, ही गोष्ट मला फार मौजेची वाटते.

या हिशेबात आमच्या घरची २ किलो डाळ बसवून पाहिली. पाच माणसांत दर माणशी दिवसाला तेरा ग्रॅम! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रौढाच्या दिवसाच्या ताटात डाळी-कडधान्ये, किंवा त्यांऐवजी अंडी-मांस, मिळून ८५ ग्रॅम धरले आहेत. तेव्हा आमची मार्चमधली ४ किलोदेखील अपुरीच होती.

दुकानात भाव किलोवर लिहिलेला असतो, पण आपण किलो खात नाही. किलोतला उपयोगी भाग खातो. एक किलो तूरडाळीत सुमारे २२० ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यांत २५०, आणि बिस्किटांत पासष्ट-सत्तर. लिटरभर दुधात ती ३२ ग्रॅम असतात. याचा अर्थ असा की डाळीचा भाव दुधाच्या जवळजवळ सातपट होईपर्यंत डाळीतले प्रथिनच स्वस्त पडते. आपापल्या दुकानचे भाव घालून वाचकांनी हा भागाकार करून पाहावा. (दुधात कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व असते, म्हणून लहान मुलांचे दूध तोडू नये, हे येथेच सांगितलेले बरे.)

२०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा अनेक घरांनी डाळच कमी केली. वास्तविक मटकी, हुलगे, चवळी, हरभराडाळ यांत प्रथिने तुरीइतकीच असतात. आमटी तुरीचीच हवी हा केवळ जिभेचा हट्ट. मटकीला मोड आणले तर क जीवनसत्त्वही पदरात पडते. ज्वारीची गोष्ट मात्र उलटी झाली आहे. एके काळी गरिबाची म्हणून नाके मुरडली गेलेली ही ज्वारी आज शहरात अनेकदा गव्हापेक्षा महाग मिळते! तेव्हा तिच्यासाठी कर्ज काढायचे कारण नाही. चपातीही चालते.

प्राधान्य कुटुंबाची शिधापत्रिका असलेल्यांना दरडोई महिना ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वरच्या तीनशेच्या निम्म्याहून थोडे अधिक. तेथे वाचलेला पैसा डाळीकडे वळविला तरच त्या धान्याचे चीज होते.

वर्षाचे गहू चैत्र-वैशाखात घ्यावेत, डाळी नव्या तुरीच्या हंगामात भराव्यात, उन्हे दाखवून आणि एरंडेलाचा हात फिरवून ठेवाव्यात, हा सल्ला सगळेच देतात. तो बरोबरही आहे. पण ज्याच्या हातात रोजचा रोज पैसा येतो, त्याने पोत्याचे पैसे आणायचे कोठून? तो पावकिलोने घेतो आणि म्हणून महाग घेतो. आमच्या चाळीतील सहा बायकांनी यावर भिशी काढली. दर महिन्याला थोडे थोडे साठवून उन्हाळ्यात एकदम गहू, डाळ आणि तेलाचे १५ किलोचे डबे आणायचे आणि वाटून घ्यायचे. पहिल्या वर्षी वजनावरून भांडणे झाली. मग एकीने तराजू आणला.

भाज्यांबद्दल थोडक्यात. मेथी, शेपू, चाकवत, राजगिरा हंगामात घ्यावा, संध्याकाळी बाजार उठताना घ्यावा. मुळ्याचा आणि शेवग्याचा पाला फेकू नये. पालेभाजीतले लोह अंगी लागायला वर लिंबू पिळावे, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा ते लोह अडवितो. आमच्या घरी ही एक गोष्ट अजून साधलेली नाही.

आता त्या ‘सगळ्यांसारखेच’बद्दल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. घरात डाळ ४ किलोची २ किलो होते तेव्हा ती पाचही ताटांतून सारखी कमी होत नाही. आधी आजी-वडील जेवतात, मग मुले. आमटीच्या पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते आईचे. यादी कितीही शहाणपणाने केली तरी हा वाटप त्या यादीत कोठे दिसत नाही.

गेल्या दोन वर्षांपासून रात्री आम्ही पाचही जण एकदम बसतो आणि पातेले मध्ये ठेवतो. आजीला ते अजून पटलेले नाही. ती भिंतीकडे तोंड करून जेवते. आईचे हिमोग्लोबिन गेल्या दिवाळीत साडेअकरा भरले. वहीत या महिन्याची नोंद आहे: ‘डाळी-कडधान्ये ७ किलो, शेंगदाणे ३ किलो.’ बिस्किटाचा पुडा एक, तो धाकट्यासाठी.