नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर

वाहनाचे यंत्रशास्त्र : भाग सातवा

मागील भागात सिलिंडर, पिस्टन आणि क्रँकशाफ्ट यांची रचना व त्यांची परस्परांशी असलेली सांगड विशद करण्यात आली. कारखान्यातून बाहेर पडणारे इंजिन या रचनेच्या दृष्टीने पूर्ण असते. मात्र एकमेकांवर घासणाऱ्या त्याच्या पृष्ठभागांचे काम तेथे संपलेले नसते, आणि त्यांवरचा शेवटचा हात गाडी मालकाच्या ताब्यात गेल्यानंतर, पहिल्या काही शे किलोमीटरांत, रस्त्यावरच फिरतो. या काळास वाहनउद्योगात रनिंग-इन म्हणतात, तर गॅरेजमध्ये ‘इंजिन मोकळे होणे’ असे म्हटले जाते. हा काळ म्हणजे गाडी हळू चालवण्याचा काळ, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे, आणि तिच्यावर पूर्ण विसंबून राहिल्यास इंजिनाचे नुकसानही होऊ शकते.

ही प्रक्रिया समजून घेण्यासाठी रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील, खोपोलीचा शिळफाटा हे ठिकाण फार सोयीचे आहे. (ठाणे जिल्ह्यातील, महापे रस्त्यावरचा शिळफाटा निराळा.) गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, आणि त्याच वाटेचा वारसा सांगणारा जुना मुंबई-पुणे महामार्ग घाट उतरून येथे सपाटीला लागतो. घाटाच्या वरच्या अंगाला पिंपरी, आकुर्डी आणि चाकण हा देशातील वाहननिर्मितीचा एक मोठा पट्टा आहे, तर खालच्या अंगाला कर्जत, खालापूर, पनवेल आणि पुढे मुंबई. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे सुरू झाल्यावर मोटारींचा मोठा ओघ तिकडे वळला. परंतु त्या मार्गावर दुचाकींना मज्जाव असल्यामुळे पुण्याहून मुंबईकडे निघालेली नवी मोटरसायकल आजही शिळफाट्यावरूनच पुढे जाते. सपाट रस्ता, मोठा चढ आणि लांब उतार या तिन्ही गोष्टी येथे काही किलोमीटरांच्या आत एकत्र येतात, आणि नव्या इंजिनात जे काही घडते त्याचा संबंध या तिन्हींशी आहे.

प्रथम सिलिंडरच्या भिंतीचा विचार करावा लागतो. ही भिंत आरशासारखी गुळगुळीत असावी असे वाटणे स्वाभाविक असले, तरी तशी ती असती तर तिच्यावर तेल टिकलेच नसते. म्हणून भोक कातून झाल्यावर अपघर्षक कांड्या लावलेले एक हत्यार सिलिंडरमध्ये फिरवत वरखाली केले जाते, आणि त्यामुळे भिंतीवर एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या अतिसूक्ष्म चरांची जाळी उमटते. या क्रियेला होनिंग म्हणतात. जात्याला टाकी लावण्याशी तिचे साम्य आहे: नव्याने टाकलेल्या जात्याच्या तळीवर घावांचे कंगोरे उभे असतात, पहिल्या दळणात ते मोडतात, त्यांची कचकच पिठात उतरते म्हणून ते पीठ टाकून देतात, आणि मग जाते नीट दळू लागते, मात्र टाकीचे खोलगट घाव तसेच राहतात व त्यांच्यामुळेच दळण होते. सिलिंडरमध्येही चरांच्या कडांवर उभी राहिलेली धातूची टोके पिस्टनच्या कड्यांखाली झिजून सपाट होतात, चर शाबूत राहून तेल धरून ठेवतात, आणि झिजलेल्या धातूचा चुरा इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. अलीकडचे कारखाने होनिंगच्या अखेरच्या टप्प्यात ही टोके आधीच छाटून घेतात, त्यामुळे मालकाच्या वाट्याला उरणारी झीज पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी असते. ती पूर्णपणे नाहीशी मात्र झालेली नाही, कारण पिस्टनची कडी आणि तिच्या समोरची भिंत ही जोडी एकमेकांच्या सहवासातच जुळते.

या कड्यांना पिस्टन रिंग म्हणतात, आणि सामान्यतः प्रत्येक पिस्टनवर त्या तीन असतात. वरच्या दोन मुख्यतः वायू अडवतात, तर खालची भिंतीवरचे जादा तेल खरवडून परत तेलाच्या टाकीत पाठवते. रिंगच्या अंगचा ताण अगदी थोडा असतो. तिला भिंतीवर खरोखर दाबून धरतो तो ज्वलनाचा वायू, जो पिस्टनच्या खाचेत शिरून रिंगच्या पाठीमागून जोर लावतो. पेट्रोल इंजिनात भार मोठा असताना हा दाब वातावरणाच्या दाबाच्या पन्नास पटींहून अधिक चढतो, आणि भार अल्प असताना त्याचा लहानसा अंशच उरतो. म्हणजे रिंग भिंतीशी किती घट्ट भिडेल, हे गाडीच्या वेगावर कमी आणि इंजिनावरील भारावर अधिक अवलंबून असते. रनिंग-इनचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे, आणि हळू चालवण्याचा सल्ला नेमका येथेच अपुरा पडतो.

भार फारच थोडा राहिला तर काय होते, हे डिझेल जनरेटरांच्या अनुभवावरून चांगले कळते. क्षमतेच्या मानाने अगदी थोड्या भारावर दीर्घकाळ चालवलेल्या जनरेटरमध्ये रिंग भिंतीशी पुरेशी भिडत नाही, तिच्या फटीतून तप्त वायू खाली आणि तेल वर सरकते, ते तेल भिंतीवर अर्धवट जळते, आणि त्याचा कठीण, चकचकीत थर होनिंगच्या चरांमध्ये भरून बसतो. या दोषाला ग्लेझिंग म्हणतात. चर बुजल्यावर भिंत तेल धरू शकत नाही आणि रिंगही पुढे कधी नीट बसत नाही. इंजिन ‘ऑइल खाऊ’ लागते, आणि ते उघडून पुन्हा होनिंग केल्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही. नवी मोटार जपायची म्हणून महिनोन्महिने वरच्या गिअरमध्ये, अल्प भारावर, रांगत चालवणारा मालक आपल्या गाडीला याच दिशेने नेत असतो.

याच्या उलट टोकाचा धोका घर्षणाच्या शास्त्रातून समजतो. रिचर्ड श्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने १९०२ साली बेअरिंगांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि त्यांतून पुढे असे स्पष्ट झाले की, तेल घातलेल्या दोन पृष्ठभागांमधील घर्षणाच्या तीन अवस्था असतात: पृष्ठभाग एकमेकांना सरळ भिडलेले असतात ती पहिली, काही भाग तेलावर व काही धातूवर टेकलेला असतो ती दुसरी, आणि गतीमुळे तयार झालेल्या तेलाच्या थरावर एक पृष्ठभाग पूर्णपणे तरंगतो ती तिसरी. क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगांत सुरू होताना व थांबताना सोडल्यास तिसऱ्या अवस्थेतच फिरतो. तो अनेकदा मिश्रपोलादापासून घडवतात. खोपोलीत १९६०च्या दशकात महिंद्रा युजीन स्टील या नावाने सुरू झालेला कारखाना याच जातीचे, वाहनांच्या भागांसाठीचे पोलाद तयार करत आला आहे. कठीण पोलादासमोर बेअरिंगचा मऊ थर ठेवलेला असल्याने जी थोडी झीज व्हायची ती त्या थराची होते, आणि हे काम लवकर उरकते. रिंगचे तसे नाही. पिस्टन प्रत्येक फेरीत वर आणि खाली, असा दोनदा क्षणभर थांबतो. गती शून्य झाली की तेलाचा थर मोडतो, आणि वरच्या टोकाला तर हे नेमके ज्वलनाचा दाब व उष्णता शिगेला असताना घडते. सिलिंडरची सर्वांत जास्त झीज याच पट्ट्यात होते. इंजिन तापण्याआधी, किंवा त्याचे फेरे फार वाढवून, उंचवटे अजून उभे असलेल्या नव्या भिंतीवर पूर्ण भार टाकल्यास तेथील धातू जागोजागी इतका तापतो की तो झिजण्याऐवजी ओरखडला जातो, आणि हे ओरखडे कायमचे असतात.

या ओरखड्यांपासून बचाव करणारी आणखी एक गोष्ट याच काळात तयार होते, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. इंजिन ऑइलमध्ये १९४०च्या दशकापासून जस्त व फॉस्फरसयुक्त संयुगे मिसळण्याची पद्धत आहे. धातू धातूला भिडतो तेथे उष्णता व दाब यांमुळे ही संयुगे विघटित होऊन पृष्ठभागावर काचेसारखा एक थर जमवतात, ज्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. हा थर घासून जातो आणि पुन्हा बनतो, मात्र तो बनण्यासाठी मुळात थोडे घासणे घडावे लागते. अजिबात घर्षण न होऊ देता जपलेले इंजिन हे संरक्षणही मिळवत नाही.

आता शिळफाट्याकडे परत यावे. खोपोलीची उंची समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांच्याही आत आहे, तर लोणावळ्याची सुमारे ६२० मीटर. प्रवाशांसह १,२०० किलो वजनाची मोटार एवढी चढवायची तर केवळ उंचीसाठी सुमारे ६५ लाख जूल ऊर्जा खर्च होते, आणि इंधनातील ऊर्जेचा जेमतेम पाव ते तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचतो हे लक्षात घेता, नुसत्या चढापोटी पाऊण लिटरच्या जवळपास पेट्रोल लागते. हे काम इंजिन काही मिनिटांत करते, म्हणजे त्यावर खरा, सलग भार पडतो. एका मर्यादेत हा भार नव्या रिंगांना हवाच असतो. मर्यादा ओलांडली जाते ती दोन प्रकारे: पाच माणसे आणि सामान भरून, एसी चालू ठेवून, ॲक्सिलरेटर तळाला टेकवून गाडी पळवल्याने, किंवा गिअर खाली न टाकता कमी फेऱ्यांवर गाडी कण्हत, धडधडत चढवल्याने. दुसरा प्रकार काटकसरीचा वाटतो आणि म्हणून अधिक आढळतो, पण त्यात प्रत्येक स्फोटाचा दाब मोठा आणि तेलाचा थर टिकवणारी गती थोडी, अशी दुहेरी अडचण असते. खालचा गिअर, मध्यम फेरे आणि अर्ध्याच्या आसपास दाबलेला ॲक्सिलरेटर यांनी घाटातील शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढलेली नवी गाडी काहीच गमावत नाही.

उताराचे कामही तेवढेच उपयुक्त आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल इंजिनाची हवेची झडप मिटते, सिलिंडरमध्ये निर्वाताचा अंश निर्माण होतो, आणि त्या ओढीने थोडे तेल रिंगांकडे वर खेचले जाऊन भिंतीला थंडावा मिळतो व सुटलेला चुराही धुतला जातो. (डिझेल इंजिनात ही ओढ बहुधा नसते.) भार आणि विश्रांती यांची आलटूनपालटून मिळणारी ही पाळी जाणकार मेकॅनिक मुद्दाम सपाट रस्त्यावर घडवून आणतात, घाटरस्ता ती आपसूक देतो. न्यूट्रलमध्ये गाडी उतरवून पेट्रोल वाचवण्याची सवय मात्र येथे सर्वथा चुकीची आहे, कारण इंधन फवारणाऱ्या आधुनिक इंजिनात गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ पूर्ण बंद होते, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राखण्यासाठी ते जळतच राहते. शिवाय सारा भार ब्रेकवर येतो, आणि नवे ब्रेकही अजून बसलेले नसतात. ब्रेक पॅडमधील राळ पहिल्यांदा खूप तापली की तिच्यातून वायू सुटतात व पकड काही काळ घटते. टोयोटा आणि होंडा या कंपन्या पहिले ३०० किलोमीटर जोराचे ब्रेक टाळण्यास सांगतात ते यामुळेच. इंजिन नंतर दुरुस्त करता येते, पण खंडाळ्याच्या उतारावर सुटलेल्या ब्रेकला नंतर नसते. म्हणून नव्या गाडीने घाट उतरताना जी खबरदारी घ्यायची तिच्यात ब्रेकचा क्रम इंजिनाच्या आधी लागतो.

द्रुतगती मार्गाची अडचण निराळी आहे. पनवेलपासून खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत एकाच गिअरमध्ये, एकाच वेगाने, क्रूझ कंट्रोल लावून गाडी नेल्यास फेरे आणि भार दोन्ही अचल राहतात, आणि रिंग एकाच ठरावीक दाबाखाली सरकत राहते. टोयोटाच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या १,००० किलोमीटरांसाठी अतिवेग व एकाएकी वेग वाढवणे टाळण्याबरोबरच दीर्घकाळ एकाच वेगाने न चालवण्याची सूचना आहे. फोक्सवॅगन, जिचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला, पहिल्या १,००० किलोमीटरांत पूर्ण ॲक्सिलरेटर टाळण्यास व पुढील ५०० किलोमीटरांत हळूहळू भार वाढवण्यास सांगते. आकड्यांत फरक असला तरी आशयात नाही.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट व पुढे पद्मिनी बाहेर पडत असतानाच्या काळात वेगाचे बंधन कडक असणे योग्यच होते, कारण तेव्हाचे यंत्रकाम आणि तेल दोन्ही आजच्या तोडीचे नव्हते. त्या काळातील नियम आजच्या गाडीला लावण्याचे कारण नाही. जुन्या इंजिनाचे बोअरिंग करून, नव्या रिंगा घालून ते गॅरेजमध्ये नव्याने बांधलेले असेल तर मात्र जुनी शिस्त अजूनही पाळावी, कारण तेथील होनिंग कारखान्याच्या दर्जाचे असतेच असे नाही.

तेलाच्या बाबतीत मोटार आणि मोटरसायकल यांच्यात भेद करावा लागतो. मोटरसायकलमध्ये बहुधा इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात, त्यामुळे गिअरच्या दातांचा चुराही त्याच तेलात उतरतो, आणि पहिल्या सर्व्हिसिंगला ते बदलणे गरजेचे ठरते. मोटारीच्या गिअरपेटीचे तेल वेगळे असते आणि इंजिनाला मोठे फिल्टर असते. होंडासारखी कंपनी तर कारखान्यात भरलेले तेल ठरल्या वेळेआधी बदलू नये असे स्पष्ट सांगते. लवकर तेल बदलल्याने मोटारीला अधिक फायदा होतो, हे गृहीत धरू नये.

इंजिन मोकळे झाल्याची खूण मालकाला बहुधा अ‍ॅव्हरेजमधून कळते. इंजिनातील यांत्रिक घर्षणाचा निम्म्याच्या जवळपासचा वाटा एकट्या पिस्टन व रिंगांचा असल्याने त्यांची जोडी जुळली की इंधन कमी लागते, पिकअप सुधारतो आणि तेलाची पातळी स्थिर होते. नियमांनीही हा बदल गृहीत धरला आहे: मोटारींच्या उत्सर्जन चाचणीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ८३ मध्ये, चाचणीची गाडी आधी किमान ३,००० किलोमीटर चाललेली असावी, अशी अट घालण्यात आली. भारतात अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. तेव्हा शोरूममधून आणलेल्या गाडीने पहिल्या टाकीत जाहिरातीएवढे अ‍ॅव्हरेज दिले नाही, तर वाचकांनी तक्रार घेऊन जाण्यापूर्वी मीटर ३,००० ओलांडू द्यावा; आणि त्यानंतरही तेलाची पातळी दर महिन्याला खाली जात असेल, तर वॉरंटी संपण्याच्या आत त्याची लेखी नोंद सर्व्हिस सेंटरकडे करून ठेवावी.